मारबतीच्या दिवसाची बाटली

मी एक वाईनची बाटली बोलतेय. तुम्ही घाबरू नका. घाबरायचं काम मी एकटीच पुरेसं करते. जन्मापासून माझा जीव मुठीत आहे, आणि मला तर मूठही नाही.

काचेची म्हणून भट्टीतून बाहेर आले तेव्हाच कळलं की एकदा हातातून सुटलो की आपण संपलो. मग नाशिकजवळच्या एका कारखान्यात माझ्यात लाल वाईन भरली. द्राक्षं चांगली होती, पण नावाजलेली नव्हती. पलीकडच्या रांगेत जाड बुडाच्या, लाकडी बूच ठोकलेल्या बाटल्या होत्या. त्यांना उघडायला खास स्क्रू लागतो, वर थोडी ताकद लागते. माझ्या डोक्यावर पत्र्याचं फिरकीचं झाकण आलं. एक वळसा दिला की उघडलं. स्वस्त वाईनला असंच झाकण बरं, असं तिथला एक माणूस दुसऱ्याला सांगत होता. मला मात्र कडी नसलेल्या घरात राहायला पाठवल्यासारखं वाटलं.

मे महिन्यात आम्हाला ट्रकमध्ये घालून नागपूरला आणलं. वाईनला ऊन सोसत नाही. चव बिघडते, आंबूस होते. ताडपत्रीखाली मी अकोल्यापर्यंत कशीबशी धीर धरून होते, पुढे रडकुंडीला आले.

मानेवाडा रस्त्यावरच्या एका दुकानात मला सगळ्यात खालची फळी मिळाली. दुकान धर्मेंद्र नावाचा माणूस चालवायचा. तिथं मी माणसं पाहिली. वाईन घ्यायला आलेला माणूस आधी किंमत बघतो, मग चित्र बघतो, मग पुन्हा किंमत बघतो, आणि शेवटी बिअर घेऊन जातो. मी तशीच राहायची. राहिले की व्हिनेगर होण्याची भीती, आणि कोणी उचललं की पडण्याची.

पण खरी भीती मला सकाळी वाटायची. शटर अर्धं वर गेलं की काही माणसं यायची. ती काही निवडत नसत. त्यांचे हात थरथरायचे, नोट धरता यायची नाही. एकदा एकाच्या मागे त्याची बायको आली आणि पायरीवर बसून राहिली. माझ्या पोटात जे आहे ते सगळ्यांना सारखं पचत नाही, हे मला त्या पायरीकडे बघून कळलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुकानात ही गर्दी झाली. पोळ्याला आणि दुसऱ्या दिवशी दुकान बंद राहणार असं सगळे म्हणत होते. पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे नागपुरात मारबतीचा दिवस, रोगराई घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीचा. श्रावण संपलेला असतो, महिनाभर थांबलेलं मटण घरोघरी शिजतं. त्या गर्दीत एक चष्मेवाला तरुण वाट काढत आला. तो रजत.

"दादा, सावजी मटनासोबत कोनती वाईन चालते? पाचशेच्या आतली सांगा."

धर्मेंद्र हसला. "भाऊ, इथं वाईन विचारनारे दोनच. ज्याच्या लग्नाचा वाढदिवस आहे थो, आन ज्याचे सासरे नाशिकचे आहेत थो."

"मी दुसरा," रजत म्हणाला.

"मंग कडक रेड नका घेऊ. तुरट वाईन आन सावजीचं तिखट एकत्र आलं तं तोंडात आग लागते. हे हलकी घ्या, जराशी गोडसर आहे. आन फ्रिजमध्ये ठेवा. रेड थंड करू नये म्हन्तात, पन थे थंड्या मुलखात. आपल्या इथं बाहेर ठेवली तं काढा होते."

असं म्हणून त्याने मला उचललं. कोणी आपली एवढी बाजू घेऊन बोलेल असं मला कधी वाटलं नव्हतं. दोन मिनिटं मी भीती विसरले.

बाहेर स्कूटरजवळ एक साठीचा माणूस उभा होता. दुकानासमोर उभं राहून दुकानाकडे पाठ केलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. ते रजतचे वडील, कवडूभाऊ. कोराडीच्या वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर त्यांची नोकरी झाली होती.

"काय घेतलं?" त्यांनी विचारलं.

"वाईन, बाबा. तुमच्या व्याह्यायसाठी." रजतने पिशवी त्यांच्या हातात दिली आणि किक मारली.

कवडूभाऊंनी ती पिशवी घरापर्यंत अंगापासून लांब धरली, विंचू धरावा तशी. पिशवीचे बंद त्यांच्या बोटांत हलत होते. रस्ता खड्ड्यांचा नव्हता. सकाळी अर्ध्या शटरशी येणाऱ्यांचे ते हात मी ओळखले.

घरी मला फ्रिजच्या दारात उभं केलं. एका बाजूला लिंबाचं लोणचं, दुसऱ्या बाजूला दुधाची पिशवी. थोड्या वेळाने रजतच्या आईने, अंजनाबाईंनी दार उघडलं आणि त्यांच्या हातातलं दह्याचं भांडं कलंडलं.

"हे काय होय, रजत?"

"वाईन आहे, आई. दारू नाही वं थे, द्राक्षाचा रस होय. चिन्मयीच्या घरी सनावाराले जेवनासोबत घेतात."

"पन तुह्या बाबाले..."

"बाबा कुठं घेनार आहेत? शुगर निघाली तवाच सोडली ना त्यायनं."

रजतला एवढंच माहीत होतं. पाचवीपासून बारावीपर्यंत त्याला नरखेडला मावशीकडे ठेवलं होतं, ते तिथली शाळा चांगली म्हणून, असंही त्याला माहीत होतं. अंजनाबाईंनी दही पुसलं. रजत आत गेल्यावर त्या फ्रिजच्या दारातच उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "नऊ वर्षं झाले. नऊ वर्षं मी या घरात खोकल्याचं औषध बी कुलपात ठेवलं."

मग मला फेकून का दिलं नाही, असं तुम्ही विचाराल. त्याही स्वतःला तेच विचारत होत्या. मोरीत ओतलं तर वास घरभर होणार आणि तो वास सगळ्यात आधी कोणाला येणार ते त्यांना ठाऊक होतं. फेकलं तर मुलाला कारण सांगावं लागणार. सून चिन्मयी नवी, तिचे आईवडील पहिल्यांदाच या घरी जेवायला येणार. त्यांच्यासमोर नवऱ्याची लाज जाऊ नये म्हणून त्या गप्प बसल्या. या गप्प बसण्याची त्यांना फार जुनी सवय होती.

पोळ्याच्या दिवशी दुपारी कवडूभाऊ पाच वेळा पाणी प्यायला आले. पहिल्या दोन वेळा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तिसऱ्या वेळी पाहिलं. चौथ्या वेळी माझं लेबल वाचलं, सगळं, अगदी बारीक अक्षरातली सूचनासुद्धा. पाचव्या वेळी त्यांचा हात माझ्या झाकणावर आला.

एका वळशाचं ते झाकण! मी ओरडले असते, पण बाटलीला आवाज फुटतो तो फुटल्यावरच. बोटं आवळली गेली. झाकणाखालची पत्र्याची कडी अजून तुटली नव्हती, फक्त ताणली होती. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि समोर फ्रिजचं गार वारं. मी माझ्या सगळ्या आयुष्यात उघडलं जाण्याची वाट पाहिली होती आणि त्या क्षणी मला फक्त बंद राहायचं होतं.

"पानी भेटलं का?" अंगणातून अंजनाबाईंनी विचारलं.

"हो," कवडूभाऊ म्हणाले आणि पाण्याची बाटली घेऊन गेले. पाणी त्यांनी प्यायलं की नाही, मला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने चिन्मयीचे आईवडील आले. मारबत त्यांनी कधी पाहिली नव्हती, त्यामुळे सगळ्यांनी इतवारीत जायचं ठरलं. मटण मंद आचेवर चढलं होतं. कवडूभाऊ म्हणाले, "माहे गुडघे दुखून राहिले. तुम्ही जा. मी मटनाकडे पाहतो."

"आई, तुम्ही तरी चला ना," चिन्मयी म्हणाली. "माझ्या आईला सोबत होईल."

अंजनाबाईंना नाही म्हणता येईना. त्या स्वयंपाकघरात आल्या. एकदा नवऱ्याकडे पाहिलं, ते बाहेरच्या खोलीत पेपर उघडून बसले होते. मग त्यांनी मला फ्रिजमधून काढलं, टॉवेलात गुंडाळलं आणि कापडी पिशवीत करंज्यांच्या डब्याखाली दडवलं.

अशी मी मारबत पाहायला गेले. पाहायला कसली, ऐकायला. ढोल, ताशे, शिट्ट्या, आणि पिशवीच्या विणीतून दिसणारे पाय. गर्दीचा रेटा आला की डबा माझ्या मानेवर आदळायचा. फुटले तर अंजनाबाईंच्या पातळावर लाल डाग पडतील आणि विहीणबाई विचारतील, हे काय सांडलं? त्या भीतीने मी टॉवेलात अंग चोरून बसले होते. वाईन गरम होत होती, पण चवीची काळजी आता कोणाला होती?

मग काळी मारबत आली. बांबू आणि कागदाची ती उंचच उंच बाई समोरून जाऊ लागली, तसा सगळा रस्ता ओरडायला लागला, "ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत!" लोक आपापल्या घरातली दुखणी तिच्या हवाली करत होते. अंजनाबाईंचा हात पिशवीत आला आणि त्यांनी माझी मान धरली. त्या ओरडल्या नाहीत. ओठांतल्या ओठांत म्हणत होत्या, "घेऊन जाय वं माय. हे घेऊन जाय."

तिथंच पायाशी मला सोडून द्यावं असं त्यांच्या मनात आलं असावं. हात दोनदा वर आला, दोनदा खाली गेला. शेजारी पोरंसोरं अनवाणी नाचत होती. अंजनाबाईंनी मला पुन्हा डब्याखाली सारलं.

दोन वाजता सगळे घरी परतले. दारातच मटणाचा वास आला, जरा करपल्यासारखा. रजत पुढे होता. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबला, त्याच्या मागे आम्ही सगळे थांबलो.

फ्रिज सताड उघडा होता. दही, मिरच्या, कोथिंबीर, लोणचं, अंडी, दुधाच्या पिशव्या, सगळं जमिनीवर मांडलेलं होतं. खालचे भाजीचे कप्पेसुद्धा काढून ठेवले होते. आणि त्या पसाऱ्याच्या मधोमध कवडूभाऊ बसले होते.

"बाबा, काय शोधून राहिले?" रजतने विचारलं.

व्याही, विहीण, सून, सगळे बघत होते. अंजनाबाई घाईघाईने पुढे झाल्या. "अरे, फ्रिज पुसून राहिले असतील. मीच सांगितलं होतं."

कवडूभाऊंनी मान वर केली. त्यांनी बायकोच्या खांद्यावरची फुगलेली पिशवी पाहिली आणि त्यांना सगळं कळलं. आता ते चिडतील असं मला वाटलं. अंजनाबाईंनाही तेच वाटलं असणार, कारण त्यांनी पिशवी पोटाशी धरली.

"नको बोलू वं," ते म्हणाले. "माह्यासाठी तू बहुत वर्षं खोटं बोलली. मी थे बाटली शोधत होतो, रजत. भेटली असती तं पेलो असतो. पाहुण्यायसाठी ठेवलीच नसती."

रजतचा चेहरा उतरला. "मले काहून नाही सांगितलं, बाबा? मी घरात आनलीच नसती."

"कसं सांगू? तुले नरखेडले काहून ठेवलं, थे बी सांगा लागलं असतं."

अंजनाबाई भिंतीला टेकून रडायला लागल्या. घाबरून नाही, मोठ्याने. चिन्मयीने जाऊन आधी गॅस बंद केला, मग त्यांना धरलं. तिच्या वडिलांनी वाकून दह्याचं भांडं उचललं आणि फ्रिजमध्ये ठेवलं. मग मिरच्या, मग लोणचं. सगळं जागेवर गेल्यावर ते म्हणाले, "ती बाटली माझ्या बॅगेत टाका. आणि कवडूभाऊ, वाढा आता. भूक लागलीय."

म्हणून मी आता या बॅगेत आहे. एका बाजूला त्यांचे कपडे आणि दुसऱ्या बाजूला संत्रा बर्फीचा डबा. ज्या मटणासाठी मला निवडलं ते मी बॅगेतूनच ऐकलं. सगळे तिखटाने सूं सूं करत होते आणि ताकाचे पेले भरत होते. मला वाईट वाटलं नाही. खरं सांगते, इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

तुम्हीही सणाला बाटली निवडाल. पाचशेच्या आतली, तिखटाला चालेल अशी, हलकी, गोडसर. जरूर निवडा, आम्ही वाईट नाही. पण मटणाला काय चालेल हे विचारताना, पाटावर बसणाऱ्यांपैकी कोणाला चालणार नाही, तेही विचारा. बाहेर स्कूटरजवळ कोणी पाठ करून उभं असेल तर घाई करू नका. एवढी माझी विनंती आहे.

निघायच्या वेळी बॅग दारात होती. रजत रिक्षा बघायला गेला होता. अंजनाबाई बर्फीचा डबा आत ठेवायला वाकल्या, आणि मागे कवडूभाऊ उभे होते. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे धरले होते.

"आजचं टळलं," त्या हळूच म्हणाल्या. "उद्या?"



"उद्याचं मले मालूम नाही वं," ते म्हणाले. "पन वाटलं तं आधी तुले सांगीन."

अंजनाबाईंनी बॅगेची चेन लावली.