गवंड्याचा डावा पाय

मी गवंड्याचा डावा पाय बोलतोय. हसा खुशाल! पाय दुखतो, बोलत नाही, असं म्हणाल. पण मी लाकडाचा. दुखणं माझ्या वाट्याला नाही, म्हणून बोलायला सवड आहे.

रुग्णालयामागच्या कारखान्यात एका म्हाताऱ्या सुताराने मला घडवलं. पूर्वी तो खाटा आणि कपाटं करायचा. लढाई पेटली आणि त्याच्याकडे हातापायांचीच मागणी येऊ लागली. मला घासूनपुसून चकचकीत करताना तो पुटपुटला, "लेका, चालवणारा भेटला तर तुझं नशीब. नाहीतर कोपरा आहेच."

मला कोपराच मिळाला. माझ्या मालकाला, गवंड्याला, सक्तीने सैन्यात नेलं होतं. सुरुंगावर त्याचा डावा पाय गुडघ्याखाली उडाला. घरी आल्यावर त्याने मला दाराआड उभं केलं आणि तोंड फिरवलं.

"घालून तर बघा," बायको म्हणाली.

"चुलीत घाल ते लाकूड!"

"चुलीला लाकूड आहे घरात. तुम्हालाच पाय नाही."

असं फटकन बोलली खरी, पण आत जाऊन भांडी घासता घासता कितीतरी वेळ रडली.

घरात मला जीव लावला तो त्यांच्या मुलीने. तिने मला बापाचा लोकरी मोजा चढवला. "याला थंडी वाजत असेल ना!" गवंड्याने ते पाहिलं आणि त्याच्या मिशीत जरा हालचाल झाली.

तिच्या मामाने जुनी सायकल आणून दिली होती. "बाबा, मागून धर ना," असं ती रोज म्हणायची आणि बाबा रोज झोपेचं सोंग घ्यायचा. एका सकाळी ती एकटीच चढली आणि दारासमोर आपटली. गुडघा फुटला, पण रडली नाही. बापाकडे न बघता पुन्हा चढली. ते न बघणंच त्याला लागलं असावं. त्याने मला ओढलं, पट्टे आवळले आणि निघाला.

आम्ही धावलो कसले! लंगडत, धडपडत, शिव्या घालत सायकलचं सीट धरून गेलो आणि शेवटी तिघंही गटारात पडलो. चिखलात बसून बापलेक पोट धरून हसत होती. बायको दारात आली. "कपडे कोण धुणार आता?" असं ओरडत तिने डोळे पुसले.

त्यानंतर मी कोपरा पाहिला नाही. तह झाला, पडलेली घरं पुन्हा उभी राहू लागली आणि गवंड्याच्या हाताला काम आलं. फावल्या वेळात तो रुग्णालयात नव्या लोकांना चालायला शिकवू लागला.

पलीकडच्या देशातल्या जखमींनाही तिथेच आणत. त्यांचा हातपाय घडवायचा कारखाना आमच्या तोफांनी पाडला होता. त्यातला एक जण चालायच्या सरावाच्या दांड्याला धरून बसला होता. गवंडी दारातच थबकला. ज्या सुरुंगाने त्याचा पाय नेला, त्यानेच त्याचा जिवलग मित्रही नेला होता. त्याने सगळा भार माझ्यावर टाकला, ते मला स्पष्ट कळलं.

"कुठल्या बाजूचा तू?" त्याने दरडावून विचारलं.

त्या माणसाने घाबरून आपल्या तुटक्या पायाकडे पाहिलं. "उजव्या."

गवंडी एकदम खो खो हसत सुटला. "मी डाव्या! ऊठ, दोघांत मिळून एक जोड तरी होईल."

दमल्यावर दोघं बाकावर चहा घेत बसले. गवंड्याने कपात बघत विचारलं, "सुरुंग पेरायचास?"

"हो. तुम्ही?"

"मीही."

दोघांचा चहा गार झाला. मग गवंड्याने दोन्ही कप उचलले, गरम चहा आणला आणि तो पिऊन झाल्यावर म्हणाला, "चल, दारापर्यंत चालून येऊ."

आता माझा घोटा खिळखिळा झालाय. परवा दुरुस्तीला गेलो, तेव्हा सुतार एका आजोबांचं माप घेत होता. "कुठल्या लढाईत गेला पाय?"

"लढाई कसली बाबा! साखरेचा आजार."

कितीतरी वर्षांनी लढाईशिवाय गेलेला पाय! सुताराने आनंदाने त्यांचे दोन्ही हात धरले. याचं डोकं फिरलंय, असं आजोबांना वाटलं असणार!

माणसांनो, मला तुमच्यासोबत चालायला आवडलं. पण आमच्या घराण्याची भरभराट करू नका. तुमच्या मुली सायकलवरून पडोत, गुडघे फोडून घेऊन घरी येवोत. फुंकर घालून बरं होईल, एवढंच त्यांना लागो. माझा वंश बुडाला तर मी रडणार नाही.