आप्पांचा आजार

“मधुमेह हा बुद्धीच्या माणसाचा आजार हाय. खानदानी. कुणालाबी होत न्हाई,” असं भिमाजी आप्पांनी न्हावऱ्याच्या गुऱ्हाळावर जाहीर केलं आणि काकवीत बुडवलेलं बोट तोंडात घातलं.

गावाच्या लेखी हा आजार एकट्या आप्पांना होता आणि तो त्यांनी पाटीलकीसारखा सांभाळला होता. रोज सकाळी कंपाउंडर सायकलवरून यायचा. सुई टोचून घ्यायला आप्पा ओट्यावर बसायचे, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असे. बिनसाखरेचा चहा मागताना त्यांचा आवाज पलीकडच्या आळीत ऐकू जाई.

काहिलीतला रस हौशीराम ढवळत होता. शिरूर तालुक्यात त्याच्या तोडीचा गुळव्या नव्हता. त्याची नऊ वर्षांची म्हाळसा चुलवणापासून लांब उभी होती. तिलाही आप्पांचाच आजार होता. दौंडच्या डॉक्टरांनी गेल्या साली तो सांगितला, तेव्हापासून तिची आई चांगुणा रोज दार लावून तिला सुई टोचायची. औषधाची बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत गारव्याला पुरलेली असे. शेजारणींनी विचारलंच, तर ते औषध गाईचं होतं. गुळव्याच्या घरात साखरेचा आजार, आणि तोही पोरीला. उद्या तिला करून कोण घेणार, या विचारानं हौशीरामची मान वर्षभर खालीच होती.

गूळ तयार झाला. आप्पांच्या उसाचा, हंगामातला पहिला. पहिला खडा देवाला आणि दुसरा कुमारिकेच्या तोंडात, अशी तिथली रीत.

“म्हाळसे, ये गं इकडं,” आप्पा म्हणाले.

म्हाळसानं बापाकडं पाहिलं. बापानं काहिलीकडं पाहिलं.

“आप्पा, तिला उपास हाय आज.”

“मग? गूळ चालतोय की उपासाला. मी काय भाकर देतोय व्हय तिला?”

माणसं हसली. म्हाळसानं खडा घेतला. बापाची लाज राखायची, एवढं तिला कळत होतं. ती खडा तोंडापाशी नेत होती आणि हौशीराम नुसता पाहत होता. खडा ओठांना टेकला तरी पाहतच होता. मग त्यानं एकदम तिच्या हातावर फटका मारला. खडा राखेत पडला.

“देवाचा गूळ टाकलास?” आप्पा ताडकन उठले.

“तिला तुमचा आजार हाय, आप्पा.”

“माझा?” आपल्या सातबाऱ्यावर कुणी परक्याचं नाव चढवावं, तसा आप्पांचा चेहरा झाला.

“पोरांना कुठं होतोय त्यो?” इमाम गाडीवान म्हणाला.

“मीबी दौंडला हेच म्हणलो. डाक्टरनी नुसतं वार्डाकडं बोट केलं. भांडगावचं एक पोर, कवठ्याची एक पोरगी, आन् रेल्वेतल्या रशीदची बानू. तिला सहाव्या वर्षीच झाला. आता सोळाची हाय. तोंड सुजलंय, किडन्या गेल्यात. डाक्टर म्हणले, लय पोरांना होत न्हाई, पण तुमाला वाटतंय त्यापरीस जास्त हायेत. निम्मी तर कळायच्या आत जात्यात. आन् आपण म्हणतो, तापानं गेलं.”

इमाम खाली पाहू लागला. त्याचा पोरगा दुष्काळाच्या साली तापानंच गेला होता. जायच्या आधी तांब्यामागून तांब्या पाणी पीत होता.

माणसं एकेक करून उठली. हौशीराम पोरीला हौदावर घेऊन गेला आणि तिची बोटं धुऊ लागला. चिकटपणा केव्हाच गेला होता, तरी तो धूतच राहिला. आजाराची लाज आता त्याला वाटत नव्हती. खडा ओठांना टेकेपर्यंत आपण पाहत राहिलो, तेवढं मात्र पाण्यानं निघत नव्हतं.

आप्पा मागून आले. इकडं-तिकडं दुसरं कुणी नाही असं पाहून ते धोतर सावरत म्हाळसासमोर उकिडवे बसले.

“सुई टोचल्यावर रडती का गं तू?”

“न्हाई.”

आप्पा खाकरले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच हौदापलीकडं गेला नाही.

“मग उद्या सकाळी जरा घराकडं ये. कंपाउंडर आला की माझा हात धर.”