बर्निसची आठवी गोळी

मित्रांनो, मी एक जुना रिव्हॉल्व्हर आहे. पण नाव ऐकूनच दोन पावले मागे सरकू नका. सिनेमात ज्यांना काम मिळते ते माझे भाऊबंद वेगळे. मी चाळीस वर्षांत पुठ्ठ्याचे गोल, पत्र्याचे डबे आणि बोलिंगच्या लाकडी पिना यांच्याखेरीज कशालाही धक्का लावलेला नाही. एकदा आमच्या नेमबाजी क्लबच्या पाटीवरच्या अक्षराला भोक पडले होते, पण तो नेम माझ्या मालकिणीच्या नवऱ्याचा, वॉल्टचा होता, आणि वॉल्ट ते अजूनही कबूल करत नाही.

माझा जन्म कनेक्टिकट नदीच्या काठी एका कारखान्यात झाला. पोलादाचा ठोकळा कापून, घासून मला आकार दिला, अंगावर निळसर काळी झाक चढवली आणि अक्रोडाच्या लाकडाची मूठ बसवली. माझ्या पोटात एक फिरती चक्री आहे, तिला सहा घरे. बाजूची कळ दाबली की चक्री बाहेर येते आणि सगळा कारभार उघडा पडतो. रिकामा असलो तर माझ्या सहा भोकांतून पलीकडचे आभाळ दिसते. काही लपवणे मला जमतच नाही. या सरळपणाचा मला फार तोरा होता.

मला बर्निस ओलेनिकने विकत घेतले, तेव्हा ती पंचविशीची होती आणि पश्चिम पेनसिल्व्हेनियाच्या टेकड्यांत शाळेची बस चालवण्याचे काम तिला नुकतेच मिळाले होते. ती दिवसभर बसमध्ये चढलेली पोरे मोजायची, उतरलेली मोजायची. ती सवय क्लबमध्येही सुटली नाही. प्रत्येक गोळीला तिच्या तोंडून हळूच आकडा निघायचा. एक, दोन, तीन... आणि सहा झाले की तिचा अंगठा आपोआप माझ्या कळीवर यायचा. माझ्याकडे बघायचीसुद्धा तिला गरज नसे.

आमच्या क्लबमध्ये दर ऑक्टोबरात जोडीची शर्यत असते. प्रत्येकासाठी टेबलावर पाच पिना मांडतात, आणि ज्या जोडीच्या पिना सर्वांत आधी टेबलाखाली जातील तिला हॅम, म्हणजे धुरी दिलेला डुकराचा आख्खा तंगडा, मिळतो. बर्निस आणि तिचा नवरा वॉल्ट यांनी एकतीस वर्षे ही शर्यत चुकवली नाही. आमची जोडी सात वेळा जिंकली. जिंकल्यावर बर्निस मला पुसायची, तेल द्यायची आणि बाकावर सर्वांना दिसेल असा ठेवायची. मी किती मिरवलो असेन, तुम्हीच ठरवा.

मग तिच्या बोटांचे सांधे सुजू लागले. माझा चाप जड. दरवेळी तो चक्रीही फिरवतो आणि घोडाही मागे नेतो. आधी तिसऱ्या गोळीला तिचा हात थरथरायचा, मग पहिल्याच गोळीला. गेल्या उन्हाळ्यात एके दिवशी तिने दोन्ही हातांच्या बोटांनी चाप ओढायचा प्रयत्न केला आणि मग मला बाकावर ठेवून ती नुसतीच बसून राहिली.

तेवढ्यात वॉल्टची थोरली बहीण लुडी तिथे आली. लुडी आणि तिचा नवरा यांनी मागची तीन वर्षे हॅम नेला होता, आणि तो कसा शिजवला हे ती आम्हाला नाताळपर्यंत ऐकवायची.

"काय ग, दुखतंय?" लुडी म्हणाली. "कशाला ओढतेस मग? आता आमच्या स्टॉलवर गर्टी-फ्लॉसीबरोबर पिएरोगी तळायला बस. तुझी खुर्ची रिकामीच ठेवलीय मी." पिएरोगी म्हणजे बटाट्याचे सारण भरलेल्या पोलिश करंज्या, शर्यतीच्या दिवशी क्लबच्या स्टॉलवर विकतात.

"मग मागल्या वर्षीसारख्या कच्च्या राहणार नाहीत," बर्निस म्हणाली.

लुडी हसली, बर्निसही हसली. पण घरी जाताना गाडीत ती वॉल्टला म्हणाली, "त्या स्टॉलमागे एकदा बसलेली बाई परत कधी उठलेली बघितलीस तू? गर्टी बसली, फ्लॉसी बसली. मला नाही रे बसायचं. अजून नाही."

"मग नको बसू," वॉल्ट म्हणाला. "पिस्तूल घे. मॅगझिनवालं. चाप लोण्यासारखा."

मागच्या सीटवर पेटीत मी सगळे ऐकत होतो. मला वाईट वाटले, हे कबूल करतो.

शनिवारी आम्ही कॉनीच्या बंदुकांच्या दुकानात गेलो. कॉनी क्लबची पंचही आहे. शर्यतीच्या दिवशी शिट्टी तिच्या गळ्यात असते. वॉल्टने आधी आपल्याच पिस्तुलाची शिफारस केली.

"पंचेचाळीसचं आहे. नुसत्या आवाजानं पिना पडतात."

"ते पिस्तूल नाही, तोफ आहे," बर्निस म्हणाली. "माझा खांदा निखळून तुझ्या खिशात येईल."

मग वॉल्टने कपाटातले एक चिमुकले, जांभळ्या मुठीचे पिस्तूल दाखवले. "हे बघ, खास बायकांसाठी!"

"जरा वरची स्लाइड ओढून दाखवा ना, मिस्टर ओलेनिक," कॉनी गोड आवाजात म्हणाली.

स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग. तो मागे ओढून सोडला की मॅगझिनमधली, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीतली, पहिली गोळी नळीत जाते, आणि पुढे एक सुटली की दुसरी आपोआप तिच्या जागी येते. वॉल्टने ओढले. पुन्हा ओढले. त्याचे कान लाल झाले.

"लहान पिस्तुलाची स्प्रिंग ताठ असते," कॉनी म्हणाली, "आणि हलकं असलं की सगळा धक्का मनगटात. बायकांना जांभळं आवडतं असं कुणीतरी ठरवलं, पण बोटांना कुणी विचारलं नाही."

तिने एक मोठे, पोलादी, नऊ मिलिमीटरचे पिस्तूल पुढे केले. बर्निसने ते तोलून पाहिले. "जड आहे ग."

"जड आहे म्हणून धक्का तेच पितं. आता स्लाइड ओढू नका. डाव्या हातानं ती नुसती धरून ठेवा आणि उजव्या हातानं पिस्तूल पुढे ढकला. खांदा लावा. माझ्याही बोटांत जोर राहिला नाही, मी असंच करते."

बर्निसने खांदा लावला. खट्कन स्लाइड मागे गेली. तिचा चेहरा असा उजळला की मला त्या पिस्तुलाचा रागच आला. इतक्या वर्षांत तसे हसू माझ्याच वाट्याचे होते.

पण सवयी अशा एका शनिवारात जात नाहीत, मित्रांनो! मला धरताना ती डावा अंगठा उजव्या हाताच्या पाठीवर टाकायची. माझ्यात मागे काही सरकत नाही, त्यामुळे चालून जायचे. नव्या पिस्तुलाची स्लाइड पहिल्याच गोळीला मागे आली आणि अंगठ्याची साल काढून गेली. बर्निस असे काही बोलली, जे चौतीस वर्षांत बसमधल्या एकाही पोराने ऐकलेले नसेल. मी पेटीत बसून गुदगुल्या झाल्यासारखा खुश होतो.

त्याहून मोठी गंमत म्हणजे, ती सहा गोळ्या मारायची आणि थांबायची. माझ्यासारखी कळ तिथे नव्हती, तरी तिचा अंगठा ती शोधत फिरायचा.

"अगं, अजून चार आहेत आत!" वॉल्ट ओरडायचा.

"मला सहाच्या पुढे येत नाही रे!"

शेवटी तिनेच तोडगा काढला. मॅगझिनमध्ये दहा भरायच्या नाहीत, आठच. "सहा सवयीच्या आणि दोन चुकांसाठी," ती म्हणाली. सप्टेंबरभर ती दर गुरुवारी मोजत राहिली आणि लुडी शेजारच्या बाकावरून चिडवत राहिली, "बर्निसची पोरं अजून उतरताहेत वाटतं!" अंगठ्यावरची पट्टी निघाली. पिना पडू लागल्या. मी मात्र कुलूपबंद कपाटात, आणि तेलाचा हात फिरायचा तो शेजाऱ्यावर. त्या महिन्याभरात मला कुणी हातही लावला नाही.

शर्यतीच्या दिवशी तिने मलाही बरोबर घेतले. "ऐन वेळी घाबरले तर हा असू दे," ती वॉल्टला म्हणाली. कॉनीने मी रिकामा असल्याची खात्री केली आणि मला चक्री उघडी ठेवून मागच्या बाकावर ठेवले. तिथून मला सगळे स्वच्छ दिसत होते.

अंतिम फेरीत समोरासमोर दोनच जोड्या उरल्या, ओलेनिक आणि लुडी. लुडीच्या नवऱ्याने पाच पिना झटपट पाडल्या. वॉल्टला जरा जास्त वेळ लागला. मग बायकांची पाळी आली. शिट्टी वाजली. लुडीची एक पिन आडवी होऊन टेबलावरच लोळत राहिली. बर्निसचे ओठ हलत होते. पाच, सहा... आणि ती थांबली नाही! सातवी गोळी सुटली. तिची शेवटची पिन कडेला डगमगली, गिरकी घेतली आणि खाली गेली.

एकच गलका झाला. वॉल्टने टोपी हवेत उडवली. कॉनी लुडीच्या लोळणाऱ्या पिनेकडे आणि घड्याळाकडे बघत होती. बर्निसने मॅगझिन काढले, ते रिकामे दिसले, आणि हसत हसत पिस्तूल समोरच्या टेबलावर, पिनांकडे तोंड करून ठेवून ती म्हणाली, "रिकामं!" कॉनीने न बघताच हात हलवला, "चला, पिना उचला." लुडी तरातरा सर्वांच्या पुढे निघाली, तिची ती पिन जागेवर जाऊन बघायला.

मित्रांनो, मी बाकावरून बघत होतो आणि माझे पोलाद गार पडले. पिस्तुलाची शेवटची गोळी सुटली की स्लाइड मागेच अडकून राहते. ही पुढे होती. मॅगझिन रिकामे होते, कारण आठवी गोळी नळीत जाऊन बसली होती. माझ्या पोटात असती तर सर्वांना दिसली असती. त्याच्या पोटातली दिसत नव्हती, आणि त्याच्या तोंडासमोर लुडी चालली होती. महिनाभर मी त्या पिस्तुलाच्या फजितीची वाट बघत होतो. त्या क्षणी मला फक्त ओरडता यावे असे वाटत होते, आणि मला ओरडता येत नाही.

बर्निस माझ्याकडे वळली होती. वॉल्ट तिला मिठी मारायला आला, आणि ती मध्येच थबकली.

"सात," ती म्हणाली.

"काय सात?"

"सातच मारल्या मी. आठ भरल्या होत्या." आणि ती बस थांबवायच्या आवाजात गरजली, "थांबा! कुणी पुढे जाऊ नका! लुडी, बाजूला हो! बाजूला हो आधी!"

लुडी दोन उड्यांत बाजूला झाली. सत्तरीची बाई तशी उडी मारू शकते हे मला ठाऊक नव्हते. कॉनीने येऊन स्लाइड मागे खेचली. एक पिवळेधमक काडतूस उडाले आणि फळ्यांवर टणटणत बाकाखाली जाऊन थांबले.

कॉनीचा चेहरा उतरला. "मी बघायला हवं होतं."

"ठेवलं मी," बर्निस म्हणाली. "नियम सांग."

नियम सर्वांनाच पाठ होता. क्लबच्या नवशिक्यांच्या वर्गात पंधरा वर्षे तो बर्निसच शिकवत आली होती. भरलेले हत्यार रिकामे म्हणून ठेवणारा त्या दिवशी बाद. हॅम लुडीचा.

बर्निस माझ्या शेजारी येऊन बसली. "चौतीस वर्षं," ती वॉल्टला म्हणाली, "बस बंद करताना मी शेवटच्या बाकापर्यंत चालत जायचे. एखादं पोर झोपलं असेल म्हणून. रोज. आणि आज नुसतं मॅगझिन बघून..." तिचे डोळे भरून आले. "चल घरी. मी बसते उद्यापासून पिएरोगीला."

"कोण बसू देतंय तुला?" समोर लुडी उभी होती, कमरेवर हात ठेवून. तिला अजून धाप लागलेली होती. "कुणाला कळलं नसतं, बर्निस. हॅम तुझा होता. मी असते ना तुझ्या जागी, तर तोंड उघडायच्या आधी दोन क्षण तरी विचार केला असता."

"तुला दोन क्षण नव्हते, लुडी."

"तेच म्हणतेय मी!" लुडी खेकसली आणि मग एकदम तिने बर्निसला कवटाळले. "स्टॉलवर आलीस तर झारा घालीन डोक्यात. वर्ग कोण घेणार?"

रविवारी लुडी अर्धा हॅम घेऊन आमच्याकडे आली. तो कसा शिजवायचा ते तिने तासभर सांगितले, आणि पहिल्यांदाच कुणाला त्याचा कंटाळा आला नाही.

आता मी वर्गात असतो, त्या पिस्तुलाच्या शेजारी. बर्निस आधी मला उघडते, पोरासोरांना आणि त्यांच्या आयांना सहा भोकांतून खिडकी दाखवते, मग पिस्तूल उघडून आत बोट घालायला लावते. आम्हा दोघांनाही एकाच फडक्याने तेल मिळते. माझा राग गेला आहे. त्याचे पोट दिसत नाही यात त्याचा दोष नाही. बघणे हे धरणाऱ्याचे काम आहे.

तुम्हाला माझे एवढेच मागणे आहे. आमच्यापैकी कुणी कधी कुठे पडलेला दिसला, तर तो रिकामाच असेल असे समजू नका. हात लावू नका, आणि लगेच मोठ्या माणसाला बोलवा. आणि चूक झालीच, तर ती सर्वांत आधी तुमच्या तोंडून निघू द्या, मग हॅम गेला तरी चालेल.

दर वर्गाची सुरुवात बर्निस एकाच पद्धतीने करते. "माझं नाव बर्निस. ऑक्टोबरात मी भरलेलं पिस्तूल रिकामं म्हणून टेबलावर ठेवलं. त्याच्यासमोर कोण होतं?"

मागच्या बाकावरून लुडी हात वर करते. "मी!"

सगळे हसतात. मग हसू विरते, आणि कुणी न सांगता जो तो आपापले हत्यार उघडून आत बघू लागतो.