खिळ्याला झालेला दमा

घाटकोपरच्या नाल्याकाठी आमची इमारत. त्या दिवशी गच्चीपासून खाली दुसऱ्या मजल्यापर्यंत रांग होती. वरच्या टोकाला, गच्चीत कॅरमच्या टेबलामागे, रजतानंद महाराज. आठ दिवसांपूर्वी त्यांनी सगळ्यांच्या गळ्यात चांदीची एकेक पट्टी बांधली होती, आणि आता बघावं तर सगळ्या काळ्या!

"जितकी काळी, तितका रोग बाहेर!" महाराज गरजले. "पण पहिल्याच दिवशी बजावलंय, औषध चालू ठेवाल तर चांदी रुसेल."

सात वर्षांच्या अक्षताची पट्टी कोळसा झाली होती. म्हणून तिच्या आईनं, सुगंधानं, चार दिवसांपूर्वी तिचा दम्याचा पंप बंद केला. पोर वाकून उभी होती. छातीत शिट्टी वाजत होती.

"हा शेवटचा आवाज," महाराज म्हणाले. रोगाचा की पोरीचा, ते सांगितलं नाही.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टर वसुधा पंप घेऊन धावत वर आल्या. सुगंधानं पोरीला मागे ओढलं. "नको डॉक्टर, चांदी रुसेल!"

वसुधांनी टेबलावर दोन पट्ट्या आपटल्या. एक काळी, एक लख्ख. दोन्ही महाराजांकडूनच घेतलेल्या.

"काळी कुणाची?" महाराजांनी विचारलं. "पेशंट गंभीर दिसतो."

"खिळ्याची. जिन्यातल्या खिडकीतल्या. आठ दिवस त्याला टांगली होती."

गच्ची फिस्सकन हसली.

"वास्तूलाही रोग असतो!" महाराज म्हणाले.

"आणि ही लख्ख? त्याच खिडकीत, बरणीत, झाकण घट्ट लावून. रोगाला झाकण उघडता येत नाही वाटतं?" मग सुगंधाकडे वळून, "नाल्याला सडक्या अंड्याचा वास येतो ना? त्या वायूचे कण चांदीला चिकटतात आणि तुटतात. त्यातलं गंधक चांदीच्या अणूंना जागेवरून हलवतं, त्यांच्याशी जोडून नवा थर रचतं. तो थर काळा. गणपतीआधी तू चांदीचं काळं पडलेलं निरांजन घासतेस, त्याला काय दमा होतो गं?"

सुगंधानं पंप हिसकावून घेतला. "ओढ बाळा, आत ओढ." शिट्टी हळूहळू बारीक झाली. मग तिनं मान वर केली. "चार रात्री माझी पोर बसून झोपली, महाराज. बसून!"

महाराज पट्ट्या गोळा करत होते.

चांदीनं कुणालाच फसवलं नाही. इथली हवा कशी आहे, ते ती गळ्यात बसून आठ दिवस सांगत होती. त्याच नाल्याच्या तक्रारीवर सही करायला मागे तिघं आले होते. महाराजांच्या रांगेत सत्तर.

पोरांची औषधं कुणा महाराजाच्या शब्दावर बंद करू नका. चमत्कार दिसला की तो आधी खिळ्याला टांगा. नमस्कार कुठे पळून जात नाही.