कापलेलं कडवं

डोंगरातल्या काराकोल शहराच्या रेडिओत कनिशायने एकतीस वर्षं गाणी कापली. कामच ते होतं. मेंढपाळांसाठी हवामानाचा निरोप सातच्या ठोक्याला लागायचा, आणि त्याआधीचं गाणं तीन मिनिटांच्या वर गेलं की तिची कात्री चालायची. शब्दांशी तिला देणंघेणं नव्हतं. डोळे घड्याळावर, बोटं ध्वनिफितीवर. गाणं या कानाने आत, त्या कानाने बाहेर.

निवृत्त झाल्यावर एकदा मिनीबसच्या ड्रायव्हरने एक जुनं गाणं लावलं. आवाज खरखरीत, सोबतीला नुसता तीन तारांचा कोमुझ. गाणारा कासिमाली होता. घोड्यांच्या फार्मावर राबायचा, स्वतःची गाणी स्वतःच रचायचा, आणि जिल्ह्याबाहेर त्याला कुत्रंही विचारत नव्हतं. गाण्यात लेकीला आंदण दिलेला घोडा एकटाच माहेरी परत येतो. बाप त्याच्या आयाळीत नाक खुपसून लेकीच्या चुलीचा धूर हुंगतो आणि विचारतो, 'कशी आहे ती, खरं सांग.' इथे गाणं संपलं. कनिशायचा थांबा मागे गेला तरी ती बसूनच राहिली. तिची स्वतःची लेक मॉस्कोत हॉटेलातली भांडी घासत होती आणि फोनवर रोज 'बरी आहे' म्हणत होती.

मग ते गाणं तिने मोबाइलवर घेतलं आणि रोज ऐकू लागली. बैल गेला आणि झोपा केला, त्यातलाच प्रकार. 'खरं सांग' नंतर बारीकसा टक् आवाज यायचा. तो सांधा तिच्याच हातचा होता. पुढे घोडा काय म्हणाला, ते तिने कापलं होतं.

कासिमालीला भेटून विचारावं, असं तीन वर्षं मनात होतं. लाजेपायी राहून गेलं, आणि गेल्या हिवाळ्यात तो वारला. त्याच्या वर्षाच्या जेवणाला आठवडा उरला असताना त्याची लेक आयचुरेक दारात आली.

चहा घेता घेता ती थोरल्या बहिणीला हाक मारावी तशी म्हणाली, "एजे, शनिवारी जेवणाला सगळा गाव येणार. बाबांचं घोड्याचं गाणं मी म्हणणार आहे, पुरतं. मला दोनच कडवी येतात. तिसरं तुमच्याकडे आहे ना?"

"माझ्याकडे कसं असेल, पोरी?"

"रेडिओवर दोनच लागली तेव्हा आई भडकली होती. बाबा हसले. म्हणाले, ती कात्रीवाली पोरगी मला म्हणाली, शेवटचं कडवं सगळ्यात झकास. आवडलं म्हणून स्वतःकडे ठेवून घेतलं असेल. मग घरी त्यांनी ते कधी म्हटलंच नाही. मागितलं की म्हणायचे, ते चांगल्या हाती दिलंय, जपून आहे."

कनिशायला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार ओळी जुळवून दिल्या असत्या तर पोरीला कळलंही नसतं. ओठांवर आलंसुद्धा: 'घोडा म्हणाला, बरी आहे.' पण ते उत्तर तिला रोज फोनवर मिळत होतं, आणि त्याचा तिला कंटाळा आला होता.

"मी ते ऐकलंच नाही," ती म्हणाली.

"बाबा रेडिओत गायले तेव्हा समोर बसला होतात ना?"

"बसले होते. घड्याळ बघत होते. झकास तर मी सगळ्यांनाच म्हणायचे. तसं म्हटलं की माणूस लवकर उठतो."

आयचुरेकने चहाची वाटी खाली ठेवली. "आणि ती फीत?"

"कापलेल्या फिती घरी आणायचे आणि जर्दाळूच्या झाडाला बांधायचे. वाऱ्यावर चमकल्या की पाखरं भितात."

"भ्यायली का?"

"पहिल्या वर्षी. मग सरावली."

आयचुरेक उठली, डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि दारात बूट चढवताना म्हणाली, "शनिवारी या, एजे. मी दोन कडवी म्हणेन. घोडा काय म्हणाला असं कुणी विचारलं, तर आत्ता मला सांगितलंत ते उठून तुम्ही सांगा."