उंब्रजच्या फोनची तुटकी नोंद

उंब्रजच्या दूध संघात राजेश्वरीची खुर्ची फोनपाशी. कुणाच्या गाईनं वैरण सोडली, कुणाची म्हैस अडली की फोन तिच्याकडं. गाव विचारायचं आणि डॉक्टर धाडायचा, हे तिचं काम. नवं सॉफ्टवेअर आल्यापासून प्रत्येक फोनची नोंद आपोआप कॉम्प्युटरवर व्हायची. महिनाभर सगळं झकास चाललं.

मग नोंद तुटायला लागली. फोन वाजत होते, ती उचलत होती, डॉक्टर जात होते. पण कॉम्प्युटरवर मधला अर्धा-पाऊण तास कोरा. अध्यक्ष दादासोंनी त्यावरून ताडलं, की बाई फोन टाळते. आधीच त्यांचा तिच्यावर राग. ते आत आले की अख्खी कचेरी उभी राहते आणि ही एकटी हेडफोन लावून बसून राहते. आता पलीकडं कुणाची म्हैस अडलेली असताना उठून नमस्कार कसा घालायचा, हे त्यांनीच सांगावं!

"शनवारपतुर दोष घावला न्हाई, तर मी दुसरं माणूस बघतो," असं बजावून ते बैठकीसाठी साताऱ्याला गेले.

सॉफ्टवेअर बसवणारा अरिहंत सांगलीहून आला. त्यानं वायर बदलली, प्रोग्रॅम पुन्हा टाकला, दोन दिवस पडद्यापुढं ठाण मांडलं. नोंद एकदाही तुटली नाही.

"ताई, दोषच न्हाई तर लिहून काय देऊ?" तो म्हणाला. राजेश्वरीच्या पगारावर घर चालत होतं, आणि खोटं तर ती बोलत नव्हती.

शनिवारी साडेदहाला दादासो दारात उभे राहिले. भिंतीकडं नव्यानं आलेल्या बाकड्यावरचे चार शेतकरी ताडकन उठले. अरिहंतही उठला. सगळ्यांच्या माना दाराकडं. राजेश्वरी तेवढी बसलेली, म्हणून तिलाच दिसलं. नोंद चालू असल्याचा पडद्यावरचा हिरवा ठिपका लाल झाला होता.

तिनं मागं पाहिलं. माणसं उठली तसं बाकडं सरकून भिंतीला भिडलं होतं, आणि फोनकडून कॉम्प्युटरकडं येणारी वायर त्याखाली चेंगरली होती.

"आवं दादासो," ती बाकड्याकडं बोट करून म्हणाली, "तुमी आला की ही समदी उठत्यात. बाकडं मागं जातं, वायर दाबती. तुमी जाईस्तवर कुणी बसत न्हाई, तवर नोंद बंद!"

अरिहंत खाली वाकून वायर बघू लागला.

"बसा रं," दादासो म्हणाले. कुणी बसेना. "बसा म्हंतोय न्हवं!"

चौघांनी बाकडं पुढं ओढलं आणि कसेबसे टेकले. ठिपका हिरवा झाला.

दादासो राजेश्वरीच्या टेबलापाशी आले. काही बोलणार, तोच फोन वाजला. पलीकडं कुणी बाई रडत होती. गाय व्यायला अडली होती, आणि तिला गावाचं नावही धड सांगता येईना. राजेश्वरीनं तिला धीर दिला, हळूहळू विचारून घेतलं, डॉक्टरला निरोप दिला, मगच फोन ठेवला.

पडद्यावर नोंद उमटली. सहा मिनिटं.

सहाही मिनिटं दादासो टेबलापाशी उभे होते. अरिहंतनं पुढं केलेली खुर्चीही त्यांनी घेतली नव्हती.

"सोमवारी येळंवर ये, पोरी," एवढंच बोलून ते आपल्या खोलीत गेले.