समुद्र शांत राहील

मित्रांनो, ज्ञानाच्या अथांग सागराकडे उघडणारं मी एक जुनं, भव्य दार आहे. या भव्य दाराची रुंदी बरीच वर्षं करंगळीच्या नखाएवढी होती. संगणकाच्या पडद्यावर अगदी वरच्या कडेला टॅबांची रांग दिसते ना, तिच्यातला अधलामधला एक तो मी.

माझा जन्म एका चष्म्याच्या दुकानात झाला. दुकानाच्या मालकीणबाईंना सगळे काकू म्हणतात. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून काकूंनी आवडीची पानं जमवून ठेवलेला कप्पा काढला आणि 'सगळे एकदम उघडा' हे दाबलं. दुकानातले सगळे दिवे एका बटणावर लागतात. पानांनी वेगळं वागायचं कारण त्यांना दिसेना. झालं. बातम्या, विणकाम, गुडघेदुखी, परदेशी मांजरं अशी आम्ही सगळी भावंडं एकाच क्षणी जन्माला आलो. जुळ्यांचं लोक कौतुक करतात. आमच्या वेळी संगणकाला घेरी आली.

माझ्या पानावर एका लहानशा रेडिओ केंद्राचं ध्वनिमुद्रण होतं. काकूंचा धाकटा भाऊ तिथे मच्छीमारांसाठी समुद्राचं हवामान वाचायचा. "वारा मंद. लाटा लहान. समुद्र शांत राहील." एवढंच, पुन्हा पुन्हा. भाऊ जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. त्याचा आवाज काकूंनी लगेच ओळखला, पण एकदम उघडलेल्या त्या गर्दीत तो नेमका कुठून येतोय ते कळेना. माझ्यावर स्पीकरचं चित्र होतं, पण खसखशीएवढं. आणि गावाला नजर देणाऱ्या काकूंचा स्वतःचा चष्मा कायम डोक्यावर. शेवटी त्यांनी सोपा मार्ग काढला. आमच्यापैकी कुणालाच कधी बंद केलं नाही.

मित्रांनो, टॅबकडे फार दिवस कुणी पाहिलं नाही की संगणक त्याला झोपवून टाकतो. माझी सगळी भावंडं एकेक करून झोपली. बोलणाऱ्याला मात्र झोपवत नाहीत. मी हलकेच म्हणत राहायचो, समुद्र शांत राहील. मांजरं स्वप्नात कूस बदलायची, विणकामाच्या पानावरचे टाके लाटांसारखे वरखाली व्हायचे. काचांवरून दुपारचं ऊन सरकत जायचं आणि कपाटातले चष्मे ओळीने पेंगायचे. डोळे तपासायला आलेली माणसं अक्षरं वाचता वाचता जांभई द्यायची आणि जाताना म्हणायची, इथे डोळ्यांना गारवा वाटतो. श्रेय पंख्याला मिळालं. मी काही बोललो नाही. म्हणजे बोललो, पण हवामानच.

पुढे ते केंद्र बंद पडलं आणि त्याचं पानही जगातून गेलं. बातम्यांच्या पानाने झोपण्यापूर्वी मला हे कानात सांगितलं. म्हणजे तो आवाज आता माझ्यापाशीच उरला होता. मला कुणी मिटलं, किंवा नुसतं ताजं, म्हणजे रिफ्रेश, करायला गेलं, तरी संपलं.

एके दिवशी काकूंची सून भिंगांची मागणी नोंदवायला बसली. संगणक गोगलगायीला मान देत चालला होता.

"आई, एका वेळी इतकी पानं कोण वाचतं?"

"वाचत नाही गं. असू दे."

मी आवरून देते, म्हणत ती रांगेच्या दोन्ही टोकांकडून सुरू झाली. मांजरं गेली. विणकाम गेलं. गुडघेदुखी गेली, तिचं कुणालाच वाईट वाटलं नाही. आणि मी रुंद होत गेलो; जन्मात पहिल्यांदा ऐसपैस, तेही मरणाच्या दारात. बाणाचं टोक माझ्या फुलीवर आलं.

"थांब," काकू हळूच म्हणाल्या. "त्यात कुठेतरी तुझे मामेसासरे आहेत."

सुनेचा हात थांबला. तिने आवाज वाढवला. वारा मंद, लाटा लहान. काकूंनी घाईने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि मग डोळेच मिटून घेतले.

पान ताजं केलं तर आवाज स्वच्छ येईल, असं सुनेच्या मनात आलं. पण पोर शहाणी. तिने तोच पत्ता आधी स्वतःच्या फोनवर उघडून पाहिला. 'हे पान अस्तित्वात नाही.' झोपलेल्या बाळाखालून हात काढावा तसा तिने माउसवरून हात काढला. फोन जवळ धरून आवाज टिपूनही घेतला, पण त्यात काकूंची शिंकच जास्त ऐकू येते.

"राहू दे हा," ती म्हणाली. "माझं काम मी फोनवर करेन."

आता रांगेत मी एकटाच आहे. भावंडांची आठवण येते, गुडघेदुखीचीसुद्धा. दुपारी दोघी शेजारी बसून काचा पुसतात, आणि दुकानभर शांत समुद्र पसरत जातो.

मित्रांनो, शेवटी मोठा उपदेश करायचा बेत होता, की एकदम सगळी दारं उघडू नयेत, आणि उघडलीच तर लावण्यापूर्वी आत कोण बोलतंय ते ऐकावं. पण आत्ताच पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट आली आहे. संगणक बंद करून पुन्हा चालू करू का, असं विचारते आहे. सून बाहेर गेली आहे आणि काकूंचा चष्मा डोक्यावर आहे. तुम्ही जवळच आहात, तर तेवढं 'नंतर आठवण करून द्या' दाबता का?